त्या तारखा माझ्या होत्या

आमच्या विहिरीला दिवाळीनंतर पाणी राहत नसे. तीन एकर जमीन, तीही मुरमाड, जालना जिल्ह्यातल्या मंठ्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर. पावसाळ्यात कपाशी, मधून दोन-चार तासं, म्हणजे ओळी, तुरीची, आणि उरलेलं वर्ष दुसऱ्याच्या रानात. ज्यांच्या विहिरीला पाणी टिकायचं ते कंपनीसाठी संकरित बियाणं तयार करायला कपाशीचे सीड प्लॉट घ्यायचे. तिथं आम्ही क्रॉसिंगला जायचो. माय, अण्णा, मी, आणि हात चालायला लागल्यापासून माझी धाकटी बहीणसुद्धा.

क्रॉसिंग म्हणजे नखाचं काम. दुपारनंतर उद्या फुलणारी कळी हुडकायची, अंगठ्याच्या नखानं तिच्या आतला नराचा भाग सोलून काढायचा आणि खूण म्हणून लाल कागदाचा तुकडा अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतली फुलं तोडून आणायची आणि खुणेच्या प्रत्येक कळीवर घासायची. कपाशीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, हे मला कॉलेजात जायच्या दहा वर्षं आधी माहीत होतं. बोटं हिरवी-काळी व्हायची, औषधाच्या फवाऱ्यानं डोळे चुरचुरायचे. घरी भाकरी आणि ठेचा. टँकर आला तर अंघोळ, नाहीतर उद्या. शाळेचा गणवेश एकच, तो रात्री धुवायचा आणि सकाळी ओलसर घालायचा.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी ठासून सांगते, कुणाला मिरवल्यासारखं वाटलं तर वाटू दे. अण्णांना सही येते, मायला तीही येत नाही. मी एसटीचा पास काढून तीन वर्षं जा-ये केली आणि बी.एस्सी. झाले. आज एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पण हे लिहितेय ते माझ्या शिक्षणाबद्दल नाही. धाकटीला मी आधी विचारलं. ती म्हणाली, "लिही की. पण नाव टाकू नको, माझंबी न्हाई अन् शर्यतीत माझ्यामागं यायची त्या पोरीचंबी न्हाई." म्हणून यात कुणाचंच नाव नाही.

धाकटी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. ती चालायची कमी, पळायची जास्त. सहावीत असताना शाळेच्या पटांगणात पोरं-पोरी एकत्र पळवायचे, तेव्हा पहिल्या पाचात दोन पोरी असायच्या. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. पुढच्या दोन वर्षांत जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, पण पाहतेय हे मला तेव्हा कळलं नाही. तिच्या वर्गातल्या पोरी भरल्या, कमरेत रुंद झाल्या आणि पळताना मागं पडायला लागल्या. पोरांचे आवाज फुटले, पाय लांबले आणि ते एका उन्हाळ्यात पुढं निघून गेले. पोरी तेवढीच मेहनत करायच्या, एखादी तर पोरांपेक्षा जास्त. तरी अंतर वाढतच गेलं. धाकटी मात्र पोरांबरोबर पुढं गेली.

आम्हाला वाटलं, आमची पोरगी काटक आहे. दुसरं काय वाटणार?

गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीची पोरं पळायची. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे, असा भरतीचा नियम. त्यांना तयार करणारा माणूस स्वतः भरतीत दोनदा नापास झालेला. त्याला सगळे सर म्हणायचे. धाकटी पंधराव्या वर्षी त्या पोरांच्या मागं पळायला लागली आणि दोन महिन्यांत निम्म्यांच्या पुढं.

एक पोरगा धापा टाकत म्हणाला होता, "सर, हिला आधी भरती करा. आमाला बंदोबस्ताला ठुवा तिच्या मागं."

सर हसले नाहीत. अण्णांना येऊन म्हणाले, "अण्णा, ही पोरगी तालुक्याची न्हाई, देशाची हाय. ऑलिम्पिकचं नाव ऐकलं का कधी?"

अण्णा म्हणाले, "ऐकलं हाय. पर तिथं जायाला एसटी हाय का?"

आम्ही त्या दिवशी फार हसलो. त्यानंतर ऑलिम्पिक हा शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखा वापरात आला. दूध कमी पडलं तर माय म्हणायची, "ऑलिम्पिकला ठुवलंय, तुला चहा काळाच मिळंल."

ती तालुक्यात पहिली आली, मग जिल्ह्यात, मग विभागात. आठशे मीटर हीच तिची शर्यत ठरली. पण गावात दुसरीच चौकशी सुरू झाली होती.

पोरीला पहिली पाळी आली की आमच्याकडे पदर आला म्हणतात. ती गोष्ट झाकून ठेवायची नसते. पोरीला पाच दिवस बसवतात, पाचव्या दिवशी न्हाऊ घालून ओटी भरतात, पाच सवाष्णी जेवायला बोलावतात. म्हणजे कुणाच्या घरी कधी पदर आला हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, आणि कुणाच्या घरी अजून आला नाही हेही. धाकटीला सोळावं सरत आलं होतं. नळावर बायका मायला धरायच्या.

"धाकलीचं काय गं? माझीला तर तेराव्यातच आल्ता."

"पळून पळून रगत आटलं आसंल."

"न्हाईतर एखाद्या डॉक्टरला दाखीव. आता आवाज बी कसा झालाय तिचा, फोनवर मला वाटलं अण्णाच बोलून राह्यलेत."

हसायच्या आणि हंडे उचलून जायच्या. माय ते शब्द घरी आणायची आणि भांड्यांवर काढायची. त्यातच आत्यानं एका चांगल्या घरचं स्थळ आणलं आणि जाता जाता विचारलं, "सगळं ठीक हाय ना पोरीचं?"

मायनं डॉक्टरला दाखवलं नाही. तिनं पदर आला म्हणून सांगितलं.

मी कॉलेजातून घरी आले तर धाकटी कोपऱ्यात पोत्यावर बसलेली, अंगाला हळद, आणि तोंड रागानं लाल.

"अक्का, मला काहीच झालं न्हाई. अन् मी इथं कामून बसून राह्यले? आठ दिवसांवर शहरातल्या केंद्राची निवड चाचणी हाय माझी!"

माय चुलीकडून म्हणाली, "आवाज करू नको. आज ना उद्या येणारच हाय. चार दिवस आधी सांगितलं तर काय आभाळ कोसळतंय?"

मी पिशवी टेकवली आणि मायच्या हाताखाली भाकरी थापायला बसले. पाचव्या दिवशी ओटी भरली, सवाष्णी पुरणाचं जेवून गेल्या, नळावरची चौकशी थांबली. माझ्या मायची ही चूक शहरातल्या बाईनं केली असती असं मला वाटत नाही. आमच्यासारख्याच गावातली बाई ही चूक करू शकते, जिथं पोरीच्या अंगाचा हिशोब चारचौघींच्या तोंडी असतो.

खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं. गावातल्या आशा सेविकेनं वहीत धाकटीचं नाव घातलं आणि दर महिन्याला पॅडचं पाकीट द्यायला सुरुवात केली. ती पाकिटं मी वापरायची. पुढं धाकटीची शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात निवड झाली. तिथं प्रत्येक मुलीला सरावाची डायरी असायची. किती पळालो, किती झोपलो, काय खाल्लं आणि पाळीची तारीख. पहिल्या महिन्यात तिनं रकाना कोरा ठेवला. तिथल्या मॅडमनी विचारलं तेव्हा ती घाबरली. त्या संध्याकाळी मला फोन आला.

"अक्का, तुला अडचण कधी आल्ती या महिन्यात?"

"कशाला?"

"सांग ना जल्दी. डायरीत लिवायचंय."

मी सांगितलं. त्यानंतर दोन वर्षं माझ्या तारखा तिच्या डायरीत जात होत्या. मला पोटात दुखायचं आणि तिकडं मॅडम तिला विचारायच्या, आज सराव हलका देऊ का? आम्ही दोघी फोनवर त्यावरून हसायचो. ती म्हणायची, "दुखणं तुला अन् सुट्टी मला, बराबर वाटणी हाय."

हसणं माझं अर्धंच होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला लिंगनिश्चितीवर एक प्रकरण होतं. एक्स-एक्स म्हणजे मादी, एक्स-वाय म्हणजे नर, हे तर शाळेतच पाठ झालेलं. त्या प्रकरणात पुढं लिहिलं होतं की काही माणसांत हे इतकं सरळ नसतं. बाहेरून मुलगी, मुलगी म्हणूनच वाढलेली, पण पेशीत एक्स-वाय. पाळी येत नाही. वयात येताना आवाज जड होतो, स्नायू भरतात. सहा मार्कांचा प्रश्न होता. मला सहापैकी सहा पडले. दिवाळीच्या सुट्टीत धाकटी घरी आली, बादली उचलून अंगणात पाणी मारत होती, आणि मी तिच्या दंडाकडे आणि गळ्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काय बघतीस? नजर लावशील." मी पुस्तक ट्रंकेत खाली घालून ठेवलं.

मला माहीत होतं असं मी म्हणणार नाही. मला विचारायचं नव्हतं, एवढं खरं आहे. एकदा विचारलं की उत्तर येणार होतं.

त्याच सुमारास ऑलिम्पिकमधल्या बायकांच्या खेळांवरून मोबाईलवर वाद चालू झाला. आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर माणसं कुणाकुणाचे फोटो मोठे करून बघायची. हनुवटी बघ, खांदे बघ, ही बाई नव्हे, गडी हाय. एकानं मला थांबवून विचारलं, "ताई, तुमी शिकलेल्या. हे वळखायचं कसं?" मी म्हणाले, "फोटोवरून ओळखता येत नाही." आणि चालायला लागले. आज ते दुसऱ्याच्या पोरीचा फोटो बघत होते, उद्या आमच्या पोरीचा बघतील, हे माझ्या डोक्यातून पुढं कित्येक दिवस गेलं नाही.

मग राज्य स्पर्धा आली. धाकटी तेव्हा एकोणीस वर्षांची. मी आणि माय तिला बघायला गेलो होतो. आठशेत दुसऱ्या जिल्ह्यातली एक मुलगी होती, बारीक, सावळी, शेवटपर्यंत न सोडणारी. तीन वर्षं ती प्रत्येक मोठ्या शर्यतीत धाकटीच्या मागं दुसरी यायची. त्या दिवशीही तसंच झालं. शेवटच्या वळणावर धाकटीनं वेग वाढवला आणि ती मुलगी जीव तोडूनही पोचली नाही. रेषेच्या पुढं जाऊन ती गुडघ्यावर बसली आणि उलटी केली.

मैदानाच्या नळावर तिची आई मला भेटली. शेतात काम करणारीच बाई, हात आमच्यासारखेच. तिनं ओळख न विचारता बोलायला सुरुवात केली.

"तू बहीण ना तिची? मी तुझ्या बहिणीला वाईट म्हणत नाही बाई. पण माझी पोर चार वर्षं झाली पहाटे उठते. आजारी असली तरी उठते. पोटात दुखत असलं तरी पळते. तिनं अजून काय करायचं ते तू सांग."

मी म्हणाले, "माझी बहीण पण उठते."

"उठत असेल. पण माझी पोर जन्मभर उठली तरी तुझ्या बहिणीच्या पुढं जाणार आहे का? खरं सांग. तू शिकलेली दिसतेस."

मी तोंडावर पाणी मारलं. ती म्हणाली, "आम्ही तिच्या तपासणीसाठी अर्ज दिलाय. तुला मागनं कळण्यापेक्षा मी तोंडावर सांगते." आणि कळशी भरून निघून गेली. मला तिचा राग आला. खूप आला. पण ती खोटं काय बोलली ते मला शोधून सापडेना.

धाकटीचं रक्त तपासायला नेलं. निकाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी नव्या नोकरीत, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, परीक्षानळ्या धुताना दोन फोडल्या. घरी मायला अंगारे-धुपारे सुचायला लागले. अण्णा मी फोन ठेवला की तेवढं विचारायचे, "कुणाचा व्हता?" एकटी धाकटी निवांत होती. तिला वाटत होतं, औषधबिवषध घेतलं का तेवढंच बघतायत. घेतलंच नाही तर भ्यायचं कशाला?

दहाव्या दिवशी मला, मायला आणि धाकटीला शहरातल्या एका दवाखान्यात बोलावलं. टेबलापलीकडे एक डॉक्टरबाई आणि केंद्राचे एक साहेब. साहेबांपुढं धाकटीची डायरी उघडी होती. साहेब सरळ मुद्द्यावर आले. रक्तात पुरुषी हार्मोन एवढं निघालंय जेवढं पुरुषात असतं. आणि डायरीत तर दर महिन्याला पाळी वेळेवर. पाळी एवढी नियमित असेल तर हे हार्मोन शरीरातलं नाही, बाहेरून आलेलं असणार. म्हणजे इंजेक्शन. कुणी दिलं ते सांगा. बंदी येईल, पदकं जातील, नाव जाहीर होईल.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मला अजून तपासण्या करायच्या आहेत. पण आधी या डायरीतलं खरं आहे का ते सांगा. तुम्ही बाहेर बसून एकमेकींशी बोला, मग आत या."

बाहेरच्या बाकड्यावर आम्ही तिघी. मला सगळं एका क्षणात समोर दिसलं. तारखा खऱ्या म्हटल्या तर धाकटी चोर ठरणार. तारखा खोट्या म्हटल्या तर ती चोर ठरणार नाही, पण मग ती कोण, हा प्रश्न उघडा पडणार. मी मायला हळू आवाजात सगळं सांगितलं, पुस्तकातलंसुद्धा. मायनं पदर तोंडाला लावला. मग पदर काढून म्हणाली,

"इंजेक्शन घेतलं म्हणून सांग."

"माय!"

"घेतलं म्हण. चूक झाली, सरांनी दिलं, कळलं न्हाई म्हण. चार वर्षं पळू देणार न्हाईत, दुसरं काय? चार वर्षं जात्यात. पर बाई न्हाई म्हणले, तर ते जलमभर सुटायचं न्हाई. तिला गावात तोंड दाखवता यायचं न्हाई."

आणि खरं सांगते, एक क्षण मलाही ते पटलं. मी शिकलेली, सहापैकी सहा मार्क घेतलेली, आणि मलाही वाटलं की माय म्हणते तेच बरं.

धाकटी आमच्याकडे बघत होती. तिला अर्धंच कळलं होतं, पण तिला हवं तेवढं कळलं होतं.

"अक्का, सुई घेतली म्हणू म्हणती का माय?"

"हो."

"मी सुई घेतलेली न्हाई."

"मला ठाऊक आहे गं. पण दुसरं जे निघेल ते..."

"जे निघंल ते निघंल. ते मी केलेलं न्हाई ना? मंग? मी काय चोर हाय का? सहावीपासून पळून राह्यले मी. सुईवर पळाले म्हणून कुणी म्हणलेलं मला चालणार न्हाई. अन् सरांचं नाव घ्यायचं न्हाई." मग तिचा आवाज खाली आला. "तू सांग आत जाऊन. मला बोलता येणार न्हाई. मी तुझ्यासंगं येते."

मी तिला घेऊन आत गेले. मी साहेबांकडे बघितलंच नाही, डॉक्टरबाईंकडे बघून बोलले.

"त्या तारखा माझ्या आहेत. दोन वर्षांच्या सगळ्या. हिला पाळी कधी आलेलीच नाही. घरच्यांनी गावाला खोटं सांगितलं होतं, ते निस्तरायला आम्ही डायरीतही खोटं लिहिलं. चूक माझी आहे, मला कळत होतं."

साहेब खुर्चीत मागं रेलले. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि धाकटीला विचारलं, "तुला कधी कुणी तपासलंय का, बाळ?" ती नाही म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तपासण्या पुढं महिनाभर चालल्या. निघालं ते असं. तिला जन्मापासून गर्भाशय नाही. पोटात दोन ग्रंथी आहेत, मुलांमध्ये असतात तशा. त्या पुरुषी हार्मोन तयार करतात. डॉक्टरबाईंनी समजावलं की काही जणींचं शरीर हे हार्मोन वापरूच शकत नाही, त्यांची गोष्ट वेगळी धरतात. हिच्या शरीरानं मात्र वयात येताना ते वापरलंय. हाडं, फुप्फुसं, रक्त, स्नायू, सगळ्यांत ते उतरलंय. इंजेक्शन नाही, फसवणूक नाही, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. आणि त्या ग्रंथींवर लक्ष ठेवायला हवं, त्यातून पुढं आजार होऊ शकतो, हेही सांगितलं. म्हणजे आम्ही गप्प बसलो असतो तर शर्यतींपेक्षा मोठं काही गेलं असतं.

डायरी खोटी लिहिल्याबद्दल केंद्रानं लेखी माफी घेतली. पदकं काढून घेतली नाहीत. पण पुढं बायकांच्या गटात पळायचं असेल तर औषध घेऊन हार्मोन खाली आणा, नाहीतर नाही, असं सांगितलं. निर्णय तिनं घ्यायचा होता.

परतीच्या बसमध्ये माय डोळे मिटून बसली होती. धाकटी माझ्याशी भांडत होती. भांडायला दुसरं कुणी नव्हतंच.

"बास्केटबॉलवाली सहा फूट असती, तिला कुणी म्हणतं का पाय काप म्हणून? पोहणारीचे हात लांब असत्यात. ते जन्माचंच हाय ना? मग माझंच जन्माचं का मोजून राह्यलेत?"

मी तिकिटं पर्समध्ये ठेवली. मग म्हणाले, "उंचीचे वेगळे गट कुणी केले नाहीत. बायकांचा वेगळा गट केला. का केला? नसता केला तर त्या रस्त्यावरच्या भरतीच्या पोरांपुढं एकही पोरगी दिसली नसती. तुझ्या वर्गातल्या पोरी आठव. त्या आळशी होत्या का?"

"न्हाई."

"ज्या एका गोष्टीमुळं त्या मागं राहिल्या, नेमकी तीच तुझ्यात आहे. म्हणून मोजतात."

"म्हणजे मी बाई न्हाई?"

"मी असं म्हणाले का? तू माझी बहीण आहेस, बाई आहेस. गट बायकांसाठी केला आणि तू बाईच आहेस, हेही खरंच आहे. दोन्ही खरंय. मला त्याची बेरीज करता येत नाही."

"एवढी शिकलीस अन् बेरीज येत न्हाई," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवून रडली. जालना येईपर्यंत रडली.

आता नियम बदललाय म्हणतात. मोठ्या स्पर्धेसाठी पेशीत एक्स-वाय आहे का याची आयुष्यात एकदाच चाचणी, बहुतेक गालाच्या आतून बोळा फिरवून. आमच्या वेळी असं असतं तर आम्हाला आधीच कळलं असतं. डायरी नाही, इंजेक्शनचा आळ नाही. पण मग तिनं ती तीन वर्षंही पळून काढली नसती. ते बरं झालं असतं की वाईट, मला अजून सांगता येत नाही. टीव्हीवर दोन्ही बाजूंची माणसं फार ठामपणे बोलतात. त्यांच्यातलं कुणी त्या मैदानाच्या नळावर उभं नव्हतं आणि आमच्या बाकड्यावरही बसलं नव्हतं.

तिनं औषध घेतलं नाही. म्हणाली, "पळता यावं म्हणून अंगाला आजारी पाडायचं, हे मला बराबर वाटत न्हाई." पंधरा दिवसांनी तिनं स्वतः अर्ज लिहिला, चार ओळींचा, की मी महिला गटातून माझं नाव काढून घेत आहे. मला फक्त शुद्धलेखन बघायला दिला. मी एक अक्षर बदललं नाही. त्या दुसऱ्या मुलीबद्दल ती एकदाच बोलली. "तिचा काय दोष? माझा नव्हता तसा तिचाबी नव्हता." पुढच्या वर्षी ती मुलगी राज्यात पहिली आली. धाकटीनं मोबाईलवर ती शर्यत बघितली, वेळ विचारली, आणि म्हणाली, "माझ्या टायमापेक्षा मागंच राह्यली. पर शेवटचे दोनशे चांगले मारले." मग भाकरी खायला बसली.

गावात मायनं सांगितलं की पोरीच्या पोटात दोष निघाला, तिला लेकरू व्हायचं न्हाई. हे खोटं नव्हतं. पण ओटी भरली ते खोटं होतं, हेही तिनं नळावर स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मी तिथं होते. बायकांनी हंडे खाली ठेवले. एकीनं विचारलं, "मंग आमी जेवून गेलो ते?" माय म्हणाली, "ते पुरण खरं व्हतं." कुणी हसलं नाही, पण कुणी उठूनही गेलं नाही. पाठीमागं लोक बोलतात, अजूनही बोलतात. स्थळं यायची थांबली. काही जणी आपल्या पोरी धाकटीजवळ पळायला पाठवत नाहीत, काही पाठवतात. पाठवणाऱ्यांपैकी एक ती, जी आवाजावरून हसली होती.

धाकटी केंद्रातून परत आली आणि माझ्याच कॉलेजात बी.ए.ला बसली. पास झाली. मग बी.पी.एड. केलं. वर्षातून दोनदा मी तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन जाते, अजून सगळं ठीक आहे. गेल्या जूनमध्ये तालुक्यातल्या एका शाळेत तिला क्रीडाशिक्षिका म्हणून नेमणूक मिळाली. पहाटे त्याच डांबरी रस्त्यावर ती भरतीच्या पोरींना आठशे मीटर पळवते. यंदा त्यातल्या तिघी पोलिसात लागल्या. आमच्या घरात आता दोन पदवीधर आहेत, आणि दोघींनाही नोकरी आहे.